अठराव्या वाढदिवसाची कार्डं

नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्यायचे तेवढ्यांचाच पगार. उन्हाळ्यात कॉलेज बंद, की पगारही बंद. चार वर्षांपूर्वी अशाच एका उन्हाळ्यात मावसभावाच्या लग्नाची पत्रिका छापायला मी एका छापखान्यात गेले होते. प्रूफ वाचता वाचता टेबलावर पडलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी दोन पत्रिकाही सवयीनं लाल पेनानं तपासून टाकल्या.

छापखान्याचे मालक मूळचे उदगीरचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, आणि बोलताना मध्येच एखादा कानडी शब्द. गिऱ्हाइकापासून मशीनवरच्या माणसांपर्यंत सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. अप्पांनी माझ्या लाल खुणा बघितल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मॅडम, नुसत्या चुकाच काढता, का लिहिताही?"

त्यांनी नवीन मशीन घेतलं होतं आणि त्यावर मराठी शुभेच्छापत्रं छापायचं त्यांच्या मनात होतं. "बाजारात येतात ती सगळी इंग्रजी," ते म्हणाले. "मराठी कधी आलंच तर त्याची भाषा अशी, की आमच्या गिऱ्हाइकाला वाटतं कुणीतरी आपल्याला रागावून राहिलंय."

मी हसले आणि हो म्हणाले. वाढदिवस, सेवानिवृत्ती, नवीन दुकान, दवाखान्यातून घरी आलेलं माणूस, बारावी पास झालेली भाची, अशी यादी अप्पा द्यायचे आणि मी प्रत्येकासाठी चार-चार ओळी लिहायची. 'आपल्या जीवनरूपी वेलीवर सुखाची फुलं उमलत राहोत' अशा थाटाच्या. लोहा, अहमदपूर, देगलूरच्या स्टेशनरीच्या दुकानांत ती कार्डं जायला लागली. माझा उन्हाळा त्यावर निघायला लागला. खरं सांगायचं तर त्या ओळींकडे मी कधी फार गंभीरपणे बघितलंच नाही. भाजी निवडता निवडता सुचायच्या, पाठकोऱ्या कागदावर उतरवायच्या आणि फोटो काढून अप्पांना पाठवायच्या.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये अप्पांचा फोन आला. "एक बाई आल्यात मॅडम. त्यांना छत्तीस कार्डं पाहिजेत. आणि छत्तिसांचा मजकूर वेगवेगळा पाहिजे म्हणतात. मला काही समजून नाही राहिलं. तुम्हीच या."

मी गेले तर काउंटरसमोरच्या खुर्चीत साठीच्या एक बाई ताठ बसलेल्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, मनगटावर पुरुषी घड्याळ, मांडीवर कापडी पिशवी. त्या नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्सबाई होत्या. उमरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात त्यांनी सगळी नोकरी काढली होती. पिशवीतून त्यांनी एकेक करत पाच जाडजूड वह्या काढल्या.

"सरकारी रजिस्टर सरकारला दिलं," त्या म्हणाल्या. "ह्या माझ्या. माझ्या हातावर जे जे लेकरू जन्मलं, त्याचं ह्यात लिहून ठेवलंय. ह्या साली छत्तीस जणं अठराचे होऊन राहिलेत. अठरा झाले की सरकार मतदानाचं कार्ड देतंय. म्हणलं, एक कार्ड आपण बी द्यावं. तू कसा जन्मलास ते त्याला सांगावं."

मी विचारलं, "पण हे त्यांच्या आईनं सांगितलं असेल ना?"

"आईला त्या वक्ताला काय दिसतंय, ताई? तिचे डोळे मिटलेले असतात. बाकीचे दाराबाहेर. बघणारी मी एकटीच असते."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्या शेतात जन्मल्या एवढंच त्यांना माहीत होतं. आई लवकर गेली. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून तारीख टाकली, तीच कागदोपत्री कायम झाली. "कोणचा महिना होता, कोण होतं संगं, मी रडले का न्हाई, काय ठावं न्हाई. इचारायला कुणी राहिलंच न्हाई. माझ्या हातच्यांचं तसं नको."

मला ती कल्पना आवडली, पण त्या घडीला मला ती निव्वळ गोड वाटली होती. मी वहीतली एक नोंद उतरवून घेतली आणि दोन दिवसांत पहिलं कार्ड लिहून नांदेडातल्याच त्यांच्या घरी गेले. सूर्यकिरणं, घरट्यातलं पाखरू, आईच्या डोळ्यांतला आनंद, असं सगळं मी त्यात घातलं होतं. वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "पण हे त्याचं न्हाई. हे कुणाचंबी हाय."

मग त्यांनी वही उघडली, पानावर बोट ठेवलं आणि सांगायला लागल्या. त्या बोलत असताना माझा पेन कधी थांबला, मला कळलं नाही.

तो मुलगा जन्मला तेव्हा त्याच्या आईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दवाखान्यात आणत होते. भर दुपार. उमरीच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलेलं. नर्सबाई ट्रॉलीतच होत्या. गेटमननं आपला पाण्याचा माठ उचलून आणला, कोणाच्या तरी बायकोनं स्वतःची साडी आडोशाला धरली, आणि मालगाडी धडधडत जात असताना तो जन्मला. "एवढी मोठी गाडी, ताई. डबे सरता सरंनात. त्याचं पहिलं रडणं कुणालाच ऐकू आलं न्हाई. मला नुसतं त्याचं तोंड उघडं दिसलं. गाडी निघून गेली तेव्हा एकदम आवाज आला. तवर तो रडतच होता बिचारा."

असं काही माझ्या डोक्यातून शंभर वर्षांत निघालं नसतं. आणि ते घडलेलं होतं. उमरीच्या फाटकातून मी स्वतः किती वेळा गेले असेन!

मी माझा कागद चुरगळला आणि नवा घेतला. त्या बोलल्या तसंच उतरवलं, फक्त विरामचिन्हं दिली. त्यात माझं एकही विशेषण नव्हतं.

त्या दिवसापासून मे महिनाभर मी दुपारी त्यांच्याकडे जायची. दोन खोल्यांचं घर, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चटई. त्या वहीतली एक ओळ वाचायच्या. वार, वेळ, वजन आणि पुढे दोन-चार शब्द. 'शेळी', 'लाल स्वेटर', 'आजी रुसली'. एवढ्यावरून त्यांना सगळं आठवायचं. कोण दाराशी उभं होतं, चुलीवर काय होतं, बाईनं कोणाला शिव्या दिल्या, सगळं.

'आजी रुसली' म्हणजे तिसरी मुलगी झाली म्हणून एक आजी उठून पिंपळाखाली जाऊन बसली होती. नर्सबाईंनी बाळाला धुतलं, पुसलं आणि आतून निरोप पाठवला की आजीनं मांडीवर घेतल्याशिवाय मी बाळाला आईजवळ देत नाही, माझी ड्युटी संपली तरी मी हितंच बसते. तासाभरानं म्हातारी पाय आपटत आली. "एकदाच बघते म्हणली. घेतलं, बघितलं. मग देईना! आईला पाजायला द्यायचं तरी देईना. मला हिसकून घ्यावं लागलं."

हे लिहावं का नाही यावर आमचा वाद झाला. आजी रुसली होती हे त्या मुलीला कशाला कळायला पाहिजे, असं माझं म्हणणं. नर्सबाईंनी सरळ त्या घरी फोन लावला. प्रत्येक कार्डाच्या आधी त्या घरच्यांना विचारायच्याच. फोन त्या आजीनंच घेतला. ऐकलं आणि म्हणाली, "लिव्हा की! तिला ठावं हाय. मी दर साली सांगते, तुला बघायला मी उशीर केला म्हणून."

त्यानंतर मी वाद घातला नाही.

एक गोष्ट मला फार विचित्र वाटायला लागली होती. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं आणि मी बारावीच्या वर्गात हजेरी घ्यायला उभी राहिले. सत्तरेक पोरं-पोरी, सगळी त्याच वयाची. कोणी जांभई देतंय, कोणी बाकाखाली मोबाइल बघतंय. वर्षानुवर्षं मी असेच वर्ग बघत आले होते. त्या दिवशी एकेक नाव घेताना मला वाटायला लागलं, या प्रत्येकाच्या जन्माच्या वेळी कोणीतरी हात पुढे करून बसलेलं होतं. हे सगळेच्या सगळे असे कोणाच्या तरी हातात आलेत. माझा आवाज चमत्कारिक झाला असावा. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, बरं नाही का?"

पस्तीस कार्डं झाली. वाढदिवस येतील तशी अप्पा ती छापायचे, मी पत्ते घालायची, आणि नर्सबाई स्वतः पोस्टात टाकून यायच्या. छत्तिसाव्या नोंदीचं पान मात्र त्या उघडत नव्हत्या. मी दोनदा विचारलं. एकदा त्या चहा ठेवायला उठल्या, एकदा म्हणाल्या, "ते राहू द्या."

जुलैच्या शेवटी त्यांनी आपणहूनच ती वही पुढे ओढली. वाढदिवस ऑगस्टमध्ये होता.

"हिची आई न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी गेली."

पहिलटकरीण होती. वीस-एकवीस वर्षांची. सकाळी साडेनऊला उपकेंद्रात मुलगी झाली, सगळं नीट झालं. अर्धा तास आई चांगली बोलत होती, हसत होती. मग एकाएकी रक्तस्राव सुरू झाला. नर्सबाईंनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, गावातली जीप बोलावली. नांदेडला निघाले. वाटेतलं मुदखेडही गाठलं नव्हतं, तोवर ती गेली. नवऱ्यानं नंतर दुसरं लग्न केलं नाही. तो धर्माबादच्या मिरची बाजारात हमाली करायला लागला आणि मुलगी लातूरला आत्याकडे वाढली.

"मी सगळं केलं, ताई," त्या म्हणाल्या. "मोठ्या डॉक्टरांनी बी म्हणलं, तुम्ही सगळं केलं. तरी बी अठरा साल झाले, ते पान मी उघडलं न्हाई."

त्यांनी माझ्यासमोर मुलीच्या वडिलांना फोन लावला. स्पीकर सुरू होता. पलीकडे बाजाराचा गलका, कोणीतरी सारखं शिंकत होतं. नर्सबाईंनी आपण कोण ते सांगितलं.

"बोला, सिस्टर," तो म्हणाला.

त्यांनी कार्डाचं सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणलात तर मी लिहिणार न्हाई. मनात काय ठेवू नका."

मग तो म्हणाला, "पोरीनं दोन टाइम इचारलं मला. आई कशी होती म्हणून. मला सांगताच येत न्हाई हो. तुम्ही द्या, सिस्टर. तुम्ही सांगा तिला."

ते एक कार्ड लिहायला आम्हाला चार दिवस लागले. मी लिहिलं होतं, 'तुझी आई तुला आशीर्वाद देऊन गेली.' नर्सबाईंनी मान हलवली.

"आशीर्वाद न्हाई दिला तिनं. तिला कुठं ठावं होतं आपण जाणार ते? ती हसली. हसली ते लिव्हा."

शेवटी छापलं ते असं होतं:

'तुझा जन्म सकाळी साडेनऊला झाला. बाहेर पोरं शाळेला चालली होती. तू थोडं रडलीस, मग गप्प झालीस आणि बघायला लागलीस. मी तुला पुसून तुझ्या आईच्या छातीवर ठेवलं. तिनं तुझ्या डोक्याचा वास घेतला. तुझा कान चिमटीत धरला आणि म्हणाली, हे तर माझ्या बापाचे कान हायत. आणि हसली. मोठ्यानं हसली. मग म्हणाली, सिस्टर, लई भूक लागली, भाकर हाय का? त्यानंतर तिला त्रास सुरू झाला. आम्ही तिला नांदेडला न्यायला निघालो, पण ती पोहोचली नाही. त्याआधी अर्धा तास तू तिच्याजवळ होतीस. तो अर्धा तास मी पाहिला आहे, म्हणून तुला सांगते. तुला अठरा वर्षं पूर्ण झाली. सुखी राहा.'

हे कार्ड पोस्टानं पाठवायला माझं मन धजेना. माझं माहेर चाकूरचं. तिथून लातूर जवळच. मी म्हणाले, चला, आपण दोघी जाऊ. नर्सबाई नको म्हणाल्या. "मला बघून तिला काय वाटंल? ज्या बाईच्या हातावर आई गेली, ती ही. तुम्हीच जा."

मी एकटीच गेले. लातूरच्या एका गल्लीत पत्र्याचं छप्पर असलेलं घर, दारात पाण्याचं पिंप. आत्यांना मुलीच्या वडिलांचा फोन आलेला होता. त्यांनी मला चहा दिला आणि परातीत पीठ घेऊन मळायला बसल्या, पण डोळे दाराकडेच. मुलगी आयटीआयला होती, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करत होती. पाचच्या सुमारास आली. खिशाला टेस्टर लावलेला, बोटं काळी झालेली, दोन वेण्या.

"ह्या मॅडम नांदेडहून आल्यात," आत्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी."

मी पाकीट पुढे केलं. "वाढदिवसाचं कार्ड आहे. तू जन्मलीस तेव्हा ज्या नर्सबाई होत्या ना, त्यांनी पाठवलंय."

तिनं हात ओढणीला पुसले आणि उभ्या उभ्याच वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी ओठ हलत होते. मी शिक्षक आहे, मुलांना वाचताना हजारो वेळा बघितलंय. असं वाचताना कधीच कोणाला बघितलं नव्हतं. जणू त्या कागदावर एक दार होतं आणि ती आत चालली होती. मध्येच तिचा हात आपोआप कानाकडे गेला. कानाची पाळी तिनं चिमटीत धरली आणि तशीच उभी राहिली.

मग आत्याकडे वळून म्हणाली, "माझी आई मोठ्यानं हसायची?"

आत्यांचे हात पिठातच राहिले. "लई मोठ्यानं. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. तुझे आजोबा म्हणायचे, सून हाय का पिपाणी हाय." आणि त्या रडायला लागल्या. "तुझ्या बापापुढं तिचं नाव काढता येत नव्हतं गं. मग कुणीच काढलं न्हाई."

मुलगी रडली नाही. तिनं कार्ड पाकिटात घातलं, पुन्हा बाहेर काढलं, पुन्हा घातलं. "मला त्या सिस्टरला भेटायचंय," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती पहिल्या बसनं नांदेडला आली. मी तिला स्टँडवरून घेऊन गेले. नर्सबाई दारातच उभ्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. मला वाटलं त्या तिला जवळ घेतील. त्या काहीच करेनात, नुसत्या बघत राहिल्या. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांचा हात तिच्या डोक्याच्या वर अर्ध्यातच थांबला, मग हळूच टेकला.

आत चटईवर बसलो. मी पाणी आणून दिलं. मुलीनं एक घोट घेतला आणि विचारलं, "तिनं भाकर खाल्ली का?"

मी दचकले. चार दिवस मी त्या वाक्यावर बसले होते. 'लई' ठेवायचं का 'खूप' करायचं, याचा विचार केला होता, प्रश्नचिन्ह तपासलं होतं. तिनं भाकरी खाल्ली का, हे विचारावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

"हाव," नर्सबाई म्हणाल्या. "चतकोर खाल्ली. दुधात कुस्करून दिली मी."

"भाकर कुणी केली होती?"

"मीच. माझ्या डब्यातली. ज्वारीची."

मुलीनं एक लांब श्वास सोडला. कितीतरी वर्षं कोणीतरी उपाशी बसलंय आणि आता जेवलं, असा तो श्वास होता. तिथे बसून मला माझ्या लिहिण्याची लाज वाटली नाही असं म्हणणं खोटं होईल. पण लाजेपेक्षा मोठं दुसरंच काहीतरी वाटत होतं. त्या खोलीत माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगी आपल्या आईला पहिल्यांदा भेटत होती, आणि ती भेट चतकोर भाकरी, दूध, कान, हसणं एवढ्याच सामानावर होत होती.

तिनं मग सगळं विचारलं. आईची साडी कोणत्या रंगाची होती, ती किती उंच होती, मंगळसूत्र होतं का काळी पोत. नर्सबाईंना जे आठवत होतं ते त्यांनी सांगितलं, आणि नव्हतं तिथे सरळ म्हणाल्या, "ते न्हाई ध्यानात, बाळ." एकही गोष्ट त्यांनी रचून सांगितली नाही. दुपार झाली, आम्ही जेवलो, तरी प्रश्न चालूच.

शेवटी नर्सबाईंनीच विचारलं. अठरा वर्षं आतल्या आत ठेवलेलं त्यांनी एका दमात बाहेर काढलं. "तुला माझा राग येतो का? खरं सांग. मी ऐकून घेईन."

मुलीनं विचारलं, "जीपमध्ये तुम्ही होता का तिच्यासंगं?"

"हाव. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाबा पुढं बसले होते, तुला घेऊन."

"मग ती एकटी नव्हती," मुलगी म्हणाली.

नर्सबाईंनी पदर तोंडाला लावला. मी उठून अंगणात गेले. बाहेर ऊन होतं, शेजारच्या घरी कोणीतरी कुकर लावला होता, एक माणूस जुन्या सायकलला हवा भरत होता. मला ते सगळं इतकं स्पष्ट दिसत होतं, की काही वेळ मी नुसती बघत उभी राहिले.

आत आले तेव्हा मुलगी स्टुलावर उभी राहून पंख्याचं बटण उघडत होती. "लूज कनेक्शन हाय, सिस्टर," ती म्हणत होती. "असं ठेवू नका." नर्सबाई खाली स्टूल धरून उभ्या होत्या आणि "पडशील गं, हळू" म्हणत होत्या.

संध्याकाळच्या बसनं ती परत गेली. जाण्याआधी तिनं वहीतल्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. एवढीशी ओळ, आईचं नाव, वार, वेळ, वजन आणि पुढे नर्सबाईंच्या बारीक अक्षरात एकच शब्द: 'हसली'. तिनं तो फोटो लगेच वडिलांना पाठवला. नंतर तिनंच मला कळवलं, की त्या रात्री वडिलांनी फोन केला आणि पहिल्यांदा आपणहून आईबद्दल बोलले. काय बोलले ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

अप्पांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग छापखान्यातल्या माणसांना म्हणाले, "ह्या बाईंच्या कार्डांना चांगला कागद लावायचा. आणि त्यांचं बिल करायचं नाही." त्या कार्डांसाठी मीही काही घेत नाही. बाकीची कार्डं मी अजून लिहिते, त्यावरच उन्हाळे निघतात. आता लिहिताना हात मंदावतो. 'सेवानिवृत्तीच्या शुभेच्छा' लिहिताना वाटतं, हा माणूस शेवटच्या दिवशी ऑफिसातून निघताना खिशात काय घालून निघाला असेल? ते मला माहीत नसतं. मग मी कमी शब्दांत थांबते आणि खाली जागा कोरी ठेवते. अप्पांनी पहिल्यांदा विचारलं, "ही जागा का सोडली?" मी म्हणाले, "ज्याला माहीत असेल तो लिहील." दुकानदार सांगतात, की लोक खरंच त्या जागेत लिहितात.

त्या वर्षीची सात पाकिटं परत आली. कोणी गाव सोडलं होतं, कोणी पुण्या-हैदराबादकडे गेलं होतं. मला वाईट वाटलं. नर्सबाईंनी ती कपाटात नीट रचून ठेवली. "पत्ता बदलला असंल. माणूस कुठंतरी हायच की," त्या म्हणाल्या आणि एकेकाचे नातेवाईक शोधायला फोन लावत बसल्या.

त्यातल्या सहांचा पत्ता लागला. सातव्याचा अजून शोध चालू आहे. गेल्या महिन्यात आम्ही दोघी उमरीला जाऊन आलो, त्याच्या मामाचं घर शोधत. मामानं सांगितलं, पोरगा पुण्याला कंपनीत लागलाय, नंबर बदललाय, दिवाळीला येईल. नर्सबाईंनी मामाला पाकीट दिलं नाही. "दिवाळीला मीच येते," त्या म्हणाल्या. "हा जन्मला तेव्हा पायाकडून आला होता. त्याला हातात द्यायचंय."